नाण्याची दुसरी बाजू

वस्तुसंग्रहालय हे केवळ इतिहासकारांचे क्षेत्र, ही समजूत भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी सोडली पाहिजे. टॉलेमीने पैठणचा राजा म्हणून उल्लेखिलेल्या वासिष्ठीपुत्र पुळुमावीची मुखांकित रौप्य नाणी पाहा. एका बाजूवरील प्राकृत लेखात ‘सिरि’ व ‘पुत’ आहेत. दुसऱ्या बाजूस त्यांच्या जागी ‘तिरु’ व ‘मकन’ हे द्राविडी शब्द येतात. कन्नड ‘मग’ हा ‘मकन’चाच सगोत्र. ही भाषा नेमकी कोणती, याविषयी मतभेद आहेत. परंतु इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात दख्खनच्या राजसत्तेस दोन भाषांची आवश्यकता भासली, हे निर्विवाद. मराठीतील द्राविडी अंशाची चर्चा करताना हा पुरावा डावलता येणार नाही. नाणे काचेखाली एकाच बाजूने मांडले, की अर्धी साक्ष लोपते. यास्तव आपल्या विद्यापीठाच्या इतिहास वस्तुसंग्रहालयात जाणाऱ्याने नाण्याच्या दुसऱ्या बाजूची चौकशी अवश्य करावी.