स्वतःच्या जीवनकथेचे मोल

मंडळीत साक्ष देण्याचा प्रसंग आला की पुष्कळ बंधुभगिनी मागे सरतात. आपल्या आयुष्यात सांगण्याजोगे काही घडलेच नाही, असे त्यांस मनापासून वाटते. मंचेरियलसारख्या, तेलुगू भाषा प्रबळ असलेल्या गोदावरीकाठच्या नगरात मराठी भाषकाच्या मनात आणखी एक संकोच असतो: आपली बोली शुद्ध नाही.

दमास्कसच्या वाटेवरील पौलाचा अनुभव हाच साक्षीचा एकमेव नमुना मानल्यामुळे ही समजूत बळावली असावी. तीमथ्याच्या बाबतीत तसा लखलखाट झाल्याचे आपण वाचीत नाही. त्याचा विश्वास आजी लोईस व आई युनीके यांच्या घरगुती सहवासात वाढला, आणि पौलाने त्या दोघींचा नावानिशी गौरव केला.

मराठीत याचे उत्तम उदाहरण लक्ष्मीबाई टिळकांचे आहे. त्या शाळेत गेल्या नव्हत्या. अक्षरओळख विवाहानंतर, तीही अडखळत झाली. १८९५ मध्ये ना. वा. टिळकांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्या विरहाने व लोकनिंदेने खचल्या. त्यांचा स्वतःचा बाप्तिस्मा १९०० साली झाला. मधली वर्षे त्यांनी ‘स्मृतिचित्रे’त झाकून ठेवली नाहीत. सोवळे सुटता सुटत नव्हते, पतीवर राग होता आणि ओढही होती, हे सारे त्या घरच्या बोलीत, पुष्कळदा स्वतःलाच हसत सांगतात. ग्रंथाचा पहिला भाग १९३४ साली निघाला तेव्हा त्या साठी ओलांडून गेल्या होत्या. टिळकांच्या मोठेपणाच्या छायेत राहूनही त्यांनी त्यांचे नुसते चरित्र लिहिले नाही, तर आपल्या डोळ्यांना दिसले ते लिहिले. आमच्या मते त्या ग्रंथाचे बळ यातच आहे. धर्मांतराविषयी विद्वत्तापूर्ण ग्रंथ पुष्कळ आहेत. परंतु चुलीपाशी ते कसे भोगले गेले, हे त्यांच्याइतके कोणी सांगितलेले नाही.

मंचेरियलच्या वृद्धांकडेही असेच धन आहे. १९४८ पूर्वी येथे जन्मलेल्या माणसाने घर न सोडता निजामाचे राज्य, १९५६ पासून आंध्र प्रदेश व २०१४ पासून तेलंगण पाहिले. पूर्वी आदिलाबाद जिल्ह्यात असलेला राजुरा तालुका १९५९ मध्ये तेव्हाच्या चांदा जिल्ह्यात गेला. पुढे २०१६ साली मंचेरियलही आदिलाबादपासून वेगळे होऊन स्वतंत्र जिल्हा झाले. हे सर्व दप्तरांत आहे. बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत नाव व तारीख सापडेल. परंतु दिवसभर बाजारात एक भाषा बोलून रात्री घरची प्रार्थना कोणत्या भाषेत होत असे, सून तेलुगू घरातून आली तेव्हा गीते कोणती गायिली गेली, मुलाने मराठी सोडली तेव्हा आईला काय वाटले, हे नोंदवहीत नाही. ते ज्यांना ठाऊक आहे त्यांपैकी पुष्कळांनी आता पंचाहत्तरी ओलांडली आहे.