मोजणी करणाऱ्या आज्ञांची तपासणी

महादेवपुरा हा बेंगळूरच्या पूर्वेकडील भाग. २००७ सालापर्यंत त्याची नगरपालिका निराळी होती; त्या वर्षी ती महानगरपालिकेत विलीन झाली. व्हाइटफील्डच्या आसपास पसरलेल्या ह्या भागात आज संगणकविषयक काम करणारी कित्येक कार्यालये आहेत, व महाराष्ट्रातून गेलेले अभियंतेही तेथे नोकरीस आहेत. अशा कार्यालयांतील एक काम पाहुण्यास काम वाटणारच नाही. एक मनुष्य पडद्यावर दुसऱ्याने लिहिलेल्या दहावीस ओळी तासभर वाचीत बसलेला दिसतो. ह्या वाचनावर किती अवलंबून असते, ते एका घडलेल्या उदाहरणावरून सांगावयाचे आहे.

संगणकाच्या ऑपरेटिंग सिस्टिमचा जो गाभा, त्यास कर्नल म्हणतात. स्मृती आणि प्रोसेसरचा वेळ यांची वाटणी कर्नल करतो. इतर आज्ञावल्यांस जेथे प्रवेश नाही, तेथे त्यास मुक्तद्वार असते. १९९१ साली लिनस टॉरवाल्ड्स ह्या फिनलंडमधील विद्यार्थ्याने लिहावयास घेतलेला लिनक्स कर्नल आज जगभरच्या सर्व्हरांत व अँड्रॉइड फोनांत चालतो.

यंत्र मंद का चालले आहे, हे कळावे म्हणून प्रोसेसरच्या अंगातच काही गणक बसविलेले असतात. १९९३ सालच्या पेंटियममध्ये असे दोन गणक होते. आजच्या प्रोसेसरांत ते अधिक असले तरी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच. किती आज्ञा पार पडल्या, हवी ती माहिती जवळच्या साठ्यात किती वेळा मिळाली नाही, अशा घटना ते मोजतात. घटना पुष्कळ आणि गणक थोडे असले, की कर्नल पाळीपाळीने गणक वापरावयास देतो. एखादी घटना पाव वेळच मोजली गेली असेल, तर आलेला आकडा चौपट करून सांगितला जातो. म्हणजे तो अंदाज होय, आणि अंदाजास मोजमाप समजणारे लोक ह्या धंद्यातही आहेतच.

गणकाचा दुसरा उपयोग अधिक चतुराईचा आहे. गणक भरण्यास एक लक्ष घटना उरतील अशा बेताने कर्नल त्यात आरंभीचा आकडा ठेवतो. लक्षावी घटना घडताच गणक भरून प्रोसेसरास टोकतो, आणि त्या क्षणी आज्ञावली कोणत्या ठिकाणी होती याची नोंद होते. अशा हजारो नोंदी जमल्या, की वेळ कोठे खर्ची पडतो ते दिसू लागते. खानेसुमारीपेक्षा हे नमुना-पाहणीच्या अधिक जवळचे आहे.

लिनक्समध्ये ही व्यवस्था २००९ साली आली. तिला ‘पर्फ’ म्हणतात. तीत बदल सुचविणारा मनुष्य ‘पॅच’ पाठवितो. काढलेल्या ओळींपुढे वजाचे आणि घातलेल्या ओळींपुढे अधिकाचे चिन्ह असते, आणि त्या ओळींच्या वर पाठविणाऱ्याचे नाव. वाचणाऱ्याने केवळ आकडे बरोबर येतात की नाही एवढेच पाहून भागत नाही. बाहेरून कोणी भलतीच संख्या दिली तर काय होईल, हेही त्याने पाहावयाचे असते.

२०१० साली नेमका हाच प्रश्न सुटून गेला. प्रोसेसरातील गणकांखेरीज कर्नल स्वतःही काही घटना मोजतो. त्या काळी त्यांचे नऊ प्रकार होते, ० ते ८ क्रमांकांचे. वापरणारा प्रकाराचा क्रमांक ६४ अंशांच्या संख्येत देई. त्या वर्षीच्या एका बदलात हा क्रमांक ३२ अंशांच्या, ऋण होऊ शकणाऱ्या खणात ठेवला गेला. त्यापुढची तपासणी अशी होती: क्रमांक ९ किंवा अधिक असेल, तर परत फिरवा. आता कोणी ४२९४९६७२९५ हा क्रमांक दिला असे समजा. ३२ अंशांच्या त्या खणात त्याचा अर्थ उणे एक असा होतो. उणे एक नवाहून लहानच. तेव्हा द्वारपालाने त्यास आत सोडले. पुढे यादीच्या पहिल्या घराच्याही मागे, कर्नलच्या भलत्याच स्मृतीत, एक मिळविला गेला. मोजणी संपविताना मात्र तीच संख्या पुरी ६४ अंशांची धरली जाई, म्हणून वजाबाकी तिसऱ्याच ठिकाणी होई.

हे करण्यास कोणताही विशेष अधिकार लागत नव्हता. साध्या खातेदाराने योग्य संख्या निवडून कर्नलची स्मृती हवी तशी वळवावी आणि सर्व यंत्राचा धनी व्हावे, इतके ते सोपे झाले होते. दोन वर्षांहून अधिक काळ ही ओळ असंख्य सर्व्हरांत होती. ‘ट्रिनिटी’ नावाच्या आज्ञावलीने, जी कर्नलला मुद्दाम वेड्यावाकड्या संख्या देऊन पाहते, हा दोष उघडकीस आणला. एप्रिल २०१३ मध्ये दुरुस्ती झाली. परंतु तिच्या टिपणात धोक्याचा उल्लेख नव्हता, आणि मे महिन्यात ह्या दोषाचा फायदा घेणारी आज्ञावली प्रसिद्ध झाली. ज्यांनी दुरुस्ती किरकोळ समजून पुढे ढकलली, त्यांची तेव्हा धावपळ उडाली.

पुढे २०१६ साली सामान्य वापरणाऱ्यास कर्नलच्या आतील मोजणी मूळच्या नेमणुकीनेच बंद करण्यात आली. २०१३ च्या दुरुस्तीत तर फक्त खणाचा प्रकार बदलला होता: ३२ अंशांच्या जागी ६४, आणि ऋण संख्येस मज्जाव. पॅचमध्ये वजाची ओळ एक, अधिकाची ओळ एक.