फड तिकडे, घर इकडे

पहाटे ४
बीड जिल्ह्यातल्या शिरूर कासार तालुक्यातली एक वस्ती. आजी उठते. गजर लागत नाही. तीस हंगाम तिनं स्वतः ऊस तोडलाय, अंगाला ही वेळ पाठ आहे. याच वेळी तिकडे कोल्हापूरच्या बाजूला तिचा मुलगा आणि सून उसाच्या फडात उतरतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, जोडीच्या नावावर मिळते. दिवाळीनंतर गेलेली माणसं हंगाम संपून कारखान्याचा पट्टा पडल्यावर, मार्च-एप्रिलमध्ये परततील. सहावीतली नात आणि दुसरीतला नातू आजीपाशी आहेत.

सकाळी ६
चूल पेटते. शेळीची धार, बाजरीची भाकरी. नातू आईच्या जुन्या लुगड्यांची गोधडी सोडत नाही. आजी ओढून घेत नाही, भाकरीचा पापुद्रा हातात देते. मग तो आपणच उठतो.

सकाळी १०
वेणी, दप्तर, शाळेचं फाटक. आईबापांबरोबर गेली असती, तर नातू कारखान्याजवळच्या कोपीत, झोपडीत दिवस काढता आणि नात पाणी भरत बसती. मागं राहणाऱ्या मुलांसाठी गावातच हंगामी वसतिगृह चालतं, सकाळ-संध्याकाळ जेवण मिळतं. त्याचा मोठा आधार आहे. पण रात्री अंग तापलं, तर कपाळावर ओली पट्टी आजीच ठेवते.

दुपारी १
दुसऱ्याच्या हरभऱ्यात खुरपणी. गुडघे बोलतात. श्रावणबाळ योजनेचा पगार महिन्याला १,५०० रुपये. त्यातून आधी वह्या-पेन, मग बीपीच्या गोळ्या. हा क्रम चुकीचा आहे, हे डॉक्टरांनी दोनदा सांगितलंय.

संध्याकाळी ५
अभ्यास. आजीला अक्षर येत नाही, कान मात्र पक्का. नात धडा मोठ्यानं वाचते, अडखळली की आजी म्हणते, "परत वाच." नातवाला ती विसांनी मोजायला शिकवते: तीन विसा आणि पाच म्हणजे किती? तो बोटं मोडतो आणि ओरडतो, "पासष्ट!"

रात्री ८
फोन येतो. गाडी भरून झालेली असते. सून आधी विचारते, "जेवला का बाळ?" परवाच्या तापाबद्दल आजी बोलत नाही. कळलं तर ती धावत येईल, आणि खाडा पडला की पैसे कापले जातात. फोन ठेवल्यावर नात विचारते, "आज्जी, खोटं का बोललीस?" आजी म्हणते, "ताप उतरलाय ना आता?"

रात्री १०
गेल्या महिन्यात नातीसाठी स्थळ आलं होतं. आईबाप सहा महिने बाहेर, पोरीला कुणाच्या भरवशावर ठेवायचं, या धास्तीनं इकडे कितीतरी मुली लवकर उजवल्या जातात. आजीचंही असंच झालं होतं. हळद उतरली न उतरली तोच हाती कोयता आला. तिनं पाहुण्यांना चहा दिला आणि सांगितलं, "मी आहे ना घरी. तिची शाळा होऊ द्या."

साखरेच्या हिशोबात कोयत्याची दोन माणसं मोजतात. ज्या तिसऱ्या माणसामुळे ती दोघं निर्धास्त राबतात, तिची नोंद कुठंच नाही. ती व्हायला हवी.

आजी कडी लावते, नातवाच्या अंगावर गोधडी सारखी करते आणि आपलं अंथरूण उंबऱ्याला लागून, दाराला आडवं टाकते.