आठ आमदारांची विधानसभा

मुलांनो, जगाचा नकाशा उघडा. दक्षिण अमेरिकेचं खालचं टोक सापडलं? तिथून उजवीकडं, अटलांटिक महासागरात बोट सरकवा. समुद्रात ठिपके दिसतील. तीच फॉकलंड बेटं!

ही बेटं ब्रिटनच्या ताब्यात आहेत. शेजारचा अर्जेंटिनाही त्यांच्यावर हक्क सांगतो. त्यावरून १९८२ मध्ये दोघांत ७४ दिवस युद्ध झालं होतं. जमीन सुमारे १२ हजार चौरस किलोमीटर, पण माणसं किती? जेमतेम साडेतीन हजार! बहुतेक सगळी स्टॅनली या एकमेव गावात राहतात. बाकीचे थोडे लोक दूरदूरच्या मेंढीपालनाच्या वाड्यांवर. गावाबाहेरच्या या सगळ्या मुलखाला तिथं ‘कॅम्प’ म्हणतात.

एवढ्याशा लोकांचीही स्वतःची विधानसभा आहे बरं का! १८४५ मध्ये कारभारासाठी मंडळ नेमलं गेलं, पण त्यात लोकांनी निवडलेलं कुणीच नव्हतं. मतदानानं सदस्य निवडायला १९४९ साल उजाडावं लागलं. आताची विधानसभा २००९ च्या राज्यघटनेनुसार चालते.

दर चार वर्षांनी आठ सदस्य निवडतात. पक्ष नाहीत, सगळे अपक्ष. मतदानाच्या दिवशी दूरच्या वाड्यांसाठी मतपेटीच जीपमधून, नाहीतर छोट्या विमानातून फिरते. आहे ना गंमत?

सभेत आणखी दोन मोठे अधिकारी बसतात. एक प्रशासनाचा प्रमुख, दुसरा पैशांचा हिशेब पाहणारा. ते बोलू शकतात, पण हात वर करून मत देऊ शकत नाहीत. का बरं? कारण त्यांना लोकांनी निवडलेलं नाही!

आठ जण दरवर्षी आपल्यातलेच तिघे निवडून कार्यकारी मंडळावर पाठवतात. तिथं अध्यक्ष असतो ब्रिटनच्या राजाचा प्रतिनिधी, म्हणजे गव्हर्नर. शाळा, दवाखाने, रस्ते, मासेमारीचे परवाने हे सगळं बेटावरच ठरतं. संरक्षण आणि परराष्ट्र व्यवहार मात्र ब्रिटनकडं.

आता खरी मेख ऐका. आठ जागांपैकी पाच स्टॅनलीच्या आणि तीन कॅम्पच्या. पण कॅम्पमध्ये राहतो दहा माणसांमागे साधारण एकच! मग त्यांना तीन जागा कशाला? काही जण म्हणतात, सगळ्यांचं मत सारख्याच वजनाचं हवं, म्हणून सगळ्या बेटांचा एकच मतदारसंघ करा. दुसरे म्हणतात, तसं केलं तर सगळे आमदार गावातलेच होतील. मग वाडीवरचा कच्चा रस्ता कुणाला आठवणार? २०११ आणि २०२० मध्ये यावर लोकांचा कौल घेतला. दोन्ही वेळा बदल मंजूर झाला नाही.

तुम्हांला काय वाटतं? माणसं मोजून जागा द्याव्यात, की थोड्यांचा आवाज बुडू नये म्हणून त्यांना जरा जास्त द्याव्यात? दोन्ही बाजू नीट मांडून पाहा. उत्तर वाटतं तेवढं सोपं नाही हं!