कार क्रीकची १९२८ची झुंज

अमेरिकेतील केंटकी राज्याच्या पूर्वेला, ॲपलाचियन डोंगररांगांत नॉट काउंटी आहे. तिथल्या कार क्रीक या छोट्याशा शाळेचा बास्केटबॉल संघ मार्च १९२८मध्ये राज्यस्तरीय शालेय स्पर्धेच्या अंतिम फेरीत पोहोचला आणि हरला. तरीही केंटकीत त्या वर्षीच्या स्पर्धेची आठवण निघते ती प्रामुख्याने या हरलेल्या संघामुळे.

या भागात त्या काळी धड रस्ते नव्हते. कित्येक ठिकाणी ओढ्याचे पात्र हीच वाट होती. पाणी चढले की येणे-जाणे थांबे. शाळेत मुले मोजकी होती आणि छताखालचे मैदान नव्हते. डोंगरउतारावर सपाट करून घेतलेल्या उघड्या जागेत सराव चाले, म्हणजे पाऊस किंवा बर्फ ठरवील तितकाच. उंचसखल मातीवर चेंडूचा टप्पा कुठे उडेल याचा नेम नसतो. अशा जागी चेंडू आपटत पुढे नेण्यापेक्षा हातोहात पास देणेच शहाणपणाचे. ऑस्कर मॉर्गन यांच्या मार्गदर्शनाखालील या मुलांकडे एकसारखे गणवेशही नव्हते. त्यांचा खेळ पाहून लोक इतके भारावले, की गणवेशांसाठी वर्गणी जमली.

राज्य स्पर्धेचा अंतिम सामना लेक्सिंग्टन शहरात, केंटकी विद्यापीठाच्या बंदिस्त मैदानात झाला. समोर होता ॲशलंड हायस्कूलचा संघ. ॲशलंड हे ओहायो नदीकाठचे पोलाद कारखान्यांचे शहर. तिथली शाळा मोठी आणि संघ त्या मोसमात एकही सामना न हरलेला. त्यातला एलिस जॉन्सन पुढे केंटकी विद्यापीठाचा नामांकित खेळाडू झाला. ठरलेल्या वेळेत बरोबरी झाली. मग जादा वेळ, पुन्हा बरोबरी, आणि असे एकामागून एक होत चौथ्या जादा वेळेत निकाल लागला : ॲशलंड १३, कार क्रीक ११.

इतका वेळ खेळून दोन्ही संघांचे मिळून २४ गुण, हे आजच्या प्रेक्षकाला विचित्र वाटेल. याचे कारण तेव्हाच्या नियमांत आहे. प्रत्येक बास्केटनंतर चेंडू मध्यभागी आणून दोन खेळाडूंमध्ये उडवला जाई. ही पद्धत १९३७पर्यंत टिकली. चेंडू दहा सेकंदांत मध्यरेषेपलीकडे नेण्याचे बंधन १९३२मध्ये आले. त्याआधी आघाडीवर असलेला संघ चेंडू स्वतःकडे ठेवून खुशाल वेळ काढू शके. फेक बहुधा दोन्ही हातांनी, पाय रोवून होई. म्हणून बचाव भक्कम असला, की एकेका गुणासाठी झगडावे लागे. अवघे ११ गुण करून झालेला तो पराभव कमकुवत संघाचा मुळीच नव्हता.

यानंतर ॲशलंडबरोबरच कार क्रीकलाही शिकागोचे बोलावणे आले. शिकागो विद्यापीठात एमोस अलोन्झो स्टॅग यांनी १९१७पासून देशभरातील शालेय संघांची स्पर्धा भरवायला सुरुवात केली होती. स्टॅग या खेळाच्या जन्माचे साक्षीदार. मार्च १८९२मध्ये स्प्रिंगफील्ड इथे झालेल्या पहिल्या जाहीर सामन्यात विद्यार्थ्यांनी शिक्षकांना ५-१ असे हरवले, आणि शिक्षकांचा तो एकमेव गोल स्टॅग यांचा होता.

शिकागोत डोंगरातल्या या मुलांभोवती वार्ताहरांचा गराडा पडला. त्यांच्या गरिबीची वर्णने रंगवून छापली गेली. खेळाकडे त्यामानाने कमी लक्ष गेले, हे खेदाचे आहे, कारण खेळ लक्ष देण्याजोगाच होता. न्यू मेक्सिकोतील अल्बुकर्की, कनेक्टिकटमधील ब्रिस्टल आणि टेक्ससमधील ऑस्टिन अशा तीन शहरांच्या संघांना कार क्रीकने हरवले. शेवटी जॉर्जियातील व्हिएन्ना या गावाच्या संघाने त्यांना रोखले. अजिंक्यपद ॲशलंडने इलिनॉयमधील कँटनला नमवून पटकावले. शिकागोची स्पर्धा १९३०नंतर बंद पडली. शालेय मुलांनी अशा देशव्यापी स्पर्धांत उतरणे राज्यांच्या क्रीडा संघटनांना मान्य नव्हते.

राज्य विजेतेपदासाठी कार क्रीकला १९५६पर्यंत थांबावे लागले. त्या वर्षी उपांत्य फेरीत वेलंडवर ६८-६७ अशी एका गुणाने मात करून आणि अंतिम सामन्यात हेंडरसनला ७२-६८ असे हरवून त्यांनी ते मिळवले. केंटकीत आजही लहान-मोठ्या शाळांचे वेगळे गट न पाडता सोळा संघांची एकच अंतिम स्पर्धा होते.