श्वास यंत्राचा, संसार दोघांचा

१९५८ साली रॉबिन कॅव्हेंडिश २८ वर्षांचा होता. केनियात चहाच्या दलालीचा व्यवसाय, नुकतेच झालेले लग्न, पत्नी डायना गरोदर. अशात त्याला पोलिओ झाला आणि मानेखालचे सारे शरीर लुळे पडले. तो फार तर तीन महिने काढील, असे डॉक्टर म्हणाले. तो ३६ वर्षे जगला! ही खरी गोष्ट ‘ब्रीद’ (२०१७) या इंग्रजी चित्रपटात आहे. रॉबिन झाला आहे अँड्र्यू गारफिल्ड, डायना क्लेअर फॉय आणि दिग्दर्शक अँडी सर्किस. निर्माता जोनाथन कॅव्हेंडिश म्हणजे तेव्हा डायनाच्या पोटात असलेला मुलगा.

पोलिओचा विषाणू मज्जारज्जूतील स्नायू हलवणाऱ्या पेशी मारतो, पण स्पर्शाची जाणीव शाबूत राहते. म्हणजे गालावर, हातावर, पायावर माशी बसलेली कळणार, हाकलता येणार नाही. रॉबिनचे श्वासाचे स्नायूही गेले होते. गळ्याला छिद्र पाडून नळी बसवली आणि यंत्र त्याच्यासाठी श्वास घेऊ लागले.

सुरुवातीला त्याला मरायचे असते. मुलाकडे पाहावेसेही वाटत नाही. मी काय करू, असे डायना विचारते तेव्हा तो म्हणतो, मला इथून बाहेर काढ. रुग्णालयाबाहेर हा जगणार नाही, असे सांगणाऱ्या डॉक्टरांचा विरोध पत्करून ती त्याला घरी आणते. एकदा घरातल्या कुत्र्याच्या धक्क्याने यंत्राची पिन निघते. डायना दुसरीकडे असते, आणि रॉबिनला हाक मारता येत नाही, कारण आवाजालाही हवा लागते. ज्यांच्या घरी ऑक्सिजनचे यंत्र आहे त्यांनी हा प्रसंग जरूर पाहावा. आपल्याकडे कुत्र्याची गरज नाही, वीज आपोआप जाते.

पुढे ऑक्सफर्डचे संशोधक मित्र टेडी हॉल बॅटरीवर चालणारे श्वासयंत्र जोडलेली चाकांची खुर्ची तयार करतात आणि रॉबिन अंगणात येतो. मग तो थेट स्पेनला जातो! तिथे यंत्र जळते आणि हातपंपाने आळीपाळीने हवा भरत त्याला जगवावे लागते. हा भाग मला सर्वांत आवडला. दोघांचे प्रेम खरेच, पण प्रेमाने फुप्फुसात हवा जात नाही. पंप कसा दाबायचा हे येणारी माणसे सोबत होती. डायनाचे जुळे भाऊही या संसारात धरलेले आहेत.

जर्मनीतल्या एका रुग्णालयाचे दृश्यही विसरता येत नाही. स्वच्छ, पांढऱ्या खोलीत यंत्रांच्या रांगा आणि बाहेर फक्त रुग्णांची डोकी. उपचार उत्तम, पण जगणे कुठेच नाही.

एक तक्रार मात्र आहे. चित्रपट फार देखणा आहे. शय्याव्रण नाहीत, लघवीची नळी नाही, रात्री चारदा उठणाऱ्या बाईचे सुजलेले डोळे नाहीत. डायना थकते, चिडते, असे फारसे दिसतच नाही. शेवटी नळीमुळे वारंवार रक्तस्राव होऊ लागतो आणि रॉबिन मरणाचा निर्णय घेतो. त्यावर मतभेद होतील, व्हावेत. माझ्या मते, ‘मला जगायचे नाही’ असे कोणी म्हणाले तर त्याला मदत, माणसे आणि खुर्ची मिळाली होती का, हे आधी पाहावे.

भारतात नैसर्गिक पोलिओ विषाणूचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी आढळला. पण त्याआधी लुळे पडलेले आपल्यात आहेत. झाडावरून, बांधकामावरून पडून किंवा अपघातात मणका मोडलेलेही आहेत. अशा रुग्णाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी. माकडहाड, टाचा, कंबर रोज पाहावी. दाबल्यावरही न जाणारी लाली दिसली तर त्या बाजूवर झोपवू नये आणि डॉक्टरांना दाखवावे. जास्त आधाराची गरज असलेल्यांना मदतनीस भत्ता देण्याची तरतूद २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात आहे. त्याची चौकशी समाजकल्याण कार्यालयात लेखी करावी. आणि नळी साफ करणे, कूस बदलणे हे घरातल्या किमान आणखी एकाने, शक्यतो पुरुषाने, या महिन्यातच शिकून घ्यावे. रात्रीची पाळी त्याच्याकडे द्यावी.