पोटगीला महागाई भत्ता कोठे आहे?

नोकरदार माणसाला महागाई भत्त्याचे गणित समजावून सांगावे लागत नाही. जानेवारी आणि जुलै हे दोन महिने त्याला तोंडपाठ असतात. परंतु त्याचाच संसार मोडला आणि मूल आईकडे राहिले, तर त्या मुलासाठी न्यायालयाने ठरविलेल्या दरमहा रकमेला सहसा ना भत्ता, ना वार्षिक वाढ. वाढ हवी असेल तर परिस्थिती पालटल्याचे दाखवून पुन्हा अर्ज करावयाचा.

अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात एका मुलासाठी उत्पन्नाच्या १७ टक्के, दोघांसाठी २५ टक्के असा सर्वसाधारण दंडक आहे. आपल्याकडे असे कोष्टक नाही. सारे न्यायाधीशांच्या विवेकावर. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतील दरमहा ५०० रुपयांची कमाल मर्यादा केंद्रीय कायद्यातून जाण्यास २००१ साल उजाडावे लागले! दरम्यान रुपयाचे काय झाले, हे वाचक जाणतातच.

नागपूरच्या कुटुंब न्यायालयातून वर गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२० मध्ये दोन्ही पक्षांनी उत्पन्न, मालमत्ता व देणी यांचे प्रतिज्ञापत्र द्यावे, असा दंडक घालून दिला. आई पुरेसे कमावीत असेल तर मुलाच्या शिक्षणाचा खर्च दोघांत प्रमाणशीर वाटता येईल, असेही म्हटले. येथे संगणकावरील स्प्रेडशीट कामास येते. ती म्हणजे कारकुनाची खतावणीच. फक्त एक आकडा बदलला की बेरजा आपोआप बदलतात. वडिलांचे उत्पन्न ४०,००० व आईचे २०,००० धरले, तर शिक्षणाच्या १२,००० रुपयांपैकी ८,००० वडिलांचे व ४,००० आईचे.

पण खरा उपयोग पुढच्या रकान्यांत आहे. दरमहा १०,००० रुपये आज ठरले आणि भाववाढ वर्षाला ६ टक्के राहिली, तर दहा वर्षांनी त्यांची किंमत आजच्या ५,५८४ रुपयांइतकी उरते. मूल तोवर पहिलीतून अकरावीत गेलेले असते! वर्गात निर्देशांक शिकविताना मी हे उदाहरण देतो, तेव्हा एरवी चुळबुळणारी मागची बाकेही वहीत काही लिहून घेतात. अर्जासोबत असा तक्ता जोडला, तर ठरावीक वार्षिक वाढ आदेशातच मागता येईल.

अर्थात, उत्पन्नाचा रकाना खोटा असेल तर सारी शीट खोटी. पगारदाराची पावती बोलते. रोखीत धंदा करणाऱ्याची वही पुष्कळदा मुकी असते. तेथे यंत्राचा इलाज नाही. घरभाडे, वाहन, कर्जाचे हप्ते यांवरून उलटतपासणीच हवी.

आणखी एक रकाना अवश्य असावा, तो तारखेचा. थकलेल्या रकमेच्या वसुलीसाठी वॉरंट हवे असल्यास ती देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या १४४ व्या कलमातही ही अट कायम आहे. पुढच्या महिन्यात देतो, या आश्वासनावर थांबलेल्या कितीतरी आयांच्या लक्षात ती उशिरा येते.